रेघ पेनाच्या मागे का राहते?

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचा मजकूर)



दगडी पाटीवर पेन्सिल टेकली की त्याच क्षणी, त्याच जागी खूण उमटते. ही गोष्ट इतकी स्वाभाविक आहे की तिचा कोणी विचारही करीत नाही. हात पुढे सरकतो, रेघ त्याच्याबरोबर सरकते, डोळा रेघेकडे पाहून हाताला सावरून घेतो आणि पुन्हा हात पुढे सरकतो. चित्र काढणे किंवा अक्षर गिरवणे म्हणजे हात आणि डोळा यांच्यामधील हा अखंड संवाद होय. संगणकाला जोडलेल्या पेन टॅब्लेटवर मात्र हा संवाद थेट होत नाही. तेथे पेन एका ठिकाणी टेकते, रेघ दुसऱ्या ठिकाणी उमटते आणि या दोहोंमध्ये चार-पाच मध्यस्थ असतात. प्रत्येक मध्यस्थ आपला थोडा थोडा वेळ घेतो. वेळांची ही बेरीज वाढली म्हणजे पेन पुढे जाते आणि रेघ मागून येते.

वरवर पाहता ही यंत्राची एक क्षुल्लक खोड वाटेल. परंतु शाळेत तिचे परिणाम क्षुल्लक राहत नाहीत. एखादी दोनशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणावी. पाड्यावरच्या मुलांची घरची बोली वेगळी. पुस्तकातील चित्रांत त्यांच्या अंगणातल्या वस्तू क्वचितच सापडतात. म्हणून तेथील गुरुजींनी पहिलीच्या वर्गासाठी कणगी, मोहाचे फूल, माशाचे जाळे, उखळ अशी चित्रकार्डे स्वतः काढावयास घेतली आहेत. ग्रामस्थांच्या वर्गणीतून त्यासाठी एक पेन टॅब्लेट आला. आठ दिवस उत्साहाने काम चालले. पुढे चित्र मोठे होऊ लागले तशी रेघ अडखळू लागली. गुरुजींना वाटले की आपलेच वय झाले, हात बसत नाही. चौथीतील एक मुलगी वहीवर सुरेख चित्र काढते म्हणून तिच्या हाती पेन दिले, तर तिची रेघही थरथरली, आणि तिच्या नोंदीत ‘हात स्थिर नाही’ असा शेरा पडला. शेवटी पाटी निकामी आहे असे ठरून ती कपाटात गेली, आणि नवा संगणक घेण्यासाठी अनुदानाची मागणी करावी असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीपुढे आला. या साऱ्या प्रकारात पाटी, गुरुजींचा हात आणि त्या मुलीचा हात हे तिघेही निर्दोष असण्याचा संभव फार मोठा आहे. तो कसा तपासावा, हा आजचा विषय आहे.

आधी त्या मुलीच्या थरथरत्या रेघेविषयी. १९५० साली बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकाने एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. माणूस बोलत असता त्याचाच आवाज त्याच्या कानांत किंचित उशिराने ऐकवला, तर चांगला बोलणारा मनुष्यही अडखळू लागतो, शब्दांची पुनरुक्ती करतो, तोतरा वाटू लागतो. उशीर सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याचा असला की ही अडचण विशेष जाणवते. त्याच्या जिभेत दोष नसतो; कानाने जिभेला द्यावयाची साक्ष उशिरा मिळते एवढेच. हाताचेही असेच आहे. वळण घेताना रेघ अजून वळली नाही असे डोळ्याने सांगितले म्हणजे हात अधिक वळतो. मागाहून रेघ येते ती गरजेपेक्षा जास्त वळलेली. मग हात उलट सावरू पाहतो आणि रेघ नागमोडी होते. जी मुलगी कागदावर स्थिर रेघ काढते आणि पाटीवर काढू शकत नाही, तिच्या बाबतीत आधी यंत्र तपासावे आणि शेरा मागाहून लिहावा. अर्थात प्रत्येक थरथर यंत्राचीच असते असे मात्र समजू नये. पडदा नसलेल्या पाटीवर हात खाली आणि नजर समोर ठेवावी लागते. ही सवय अंगवळणी पडण्यास मोठ्यांनाही काही दिवस लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यातील कामावरून कोणाच्याही हाताची परीक्षा करू नये.

आता पेनाच्या टोकापासून पडद्यावरील रेघेपर्यंतचा प्रवास पाहू. एका जागी हललेले पेन दुसऱ्या जागी लिहीत राहावे ही कल्पना नवी नाही. एलिशा ग्रे याने १८८८ साली तारेच्या एका टोकाचे हस्ताक्षर दुसऱ्या टोकाशी उमटवणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले होते. संगणकाशी जोडलेली, तारांची सूक्ष्म जाळी पोटात असलेली दहा इंची पाटी अमेरिकेतील रँड या संस्थेने १९६४ साली पुढे आणली. आजच्या पाटीतही तारांची जाळी असते. पाटीतील तारा विद्युत्चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात, पेनातील वेटोळे त्याला प्रतिसाद देते, आणि पेन कोठे आहे व किती दाबले आहे हे पाटी सेकंदातून दोनशे किंवा त्याहून अधिक वेळा मोजते. ही मापे तारेतून संगणकात जातात. तेथे ‘ड्रायव्हर’ नावाचा दुभाषी ती समजून घेऊन विंडोजच्या स्वाधीन करतो. विंडोज ती चित्रकामाच्या प्रोग्रामला देते. प्रोग्राम ब्रशचा ठसा कोठे, केवढा आणि किती गडद उमटवावयाचा याचे गणित करतो. शेवटी पडदा ते चित्र दाखवतो. साधा पडदा सेकंदातून साठ वेळा नवे चित्र दाखवतो, म्हणजे एका चित्रास सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. पाटीचे मोजमाप ५ मिलिसेकंदांत होते. यावरून एक गोष्ट उघड होते. पाटी हा या साखळीतील बहुधा सर्वांत चपळ दुवा आहे, आणि दोष मात्र प्रथम तिलाच दिला जातो.

थोडासा विलंब प्रत्येक संगणकावर राहणारच. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१२ साली बोटाच्या स्पर्शाचे एक प्रात्यक्षिक दाखवले होते. त्यात विलंब १०० मिलिसेकंदांवरून १ मिलिसेकंदापर्यंत उतरवला, तेव्हा रेघ बोटाला चिकटूनच चालल्याचे दिसले. शाळेच्या संगणकाकडून तशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. जो विलंब हाताला जाणवत नाही तो सोडून द्यावा, आणि जो काल नव्हता पण आज आहे त्याचे कारण शोधावे.

कारण शोधण्यापूर्वी तक्रार नीट मांडता आली पाहिजे. ‘चालत नाही’, ‘हँग होते’ एवढे सांगून दुरुस्ती करणारा काहीच समजू शकत नाही. वैद्याकडे गेलेला रोगी ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगून थांबत नाही. कोठे दुखते, केव्हा दुखते हे सांगतो. रेघेची दुखणी स्थूलमानाने अशी असतात. काही वेळा रेघेचा आरंभच उशिरा होतो, परंतु एकदा सुरू झाली म्हणजे ती नीट चालते. काही वेळा आरंभापासून शेवटपर्यंत ती पेनाच्या मागे सारख्याच अंतरावर चालत राहते. काही वेळा गोल काढावा तर बहुभुज निघतो, जणू कोणी वळणाचे तुकडे करून ते सरळ काड्यांनी जोडले आहेत. आणि काही वेळा सर्व सुरळीत चालू असता मध्येच दोन-चार सेकंद चित्र गोठते व मग सगळी रेघ एकदम उमटते. या चार दुखण्यांची कारणे बहुतांशी निरनिराळी आहेत, आणि म्हणून एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की वेळ फुकट जातो.

सर्वांत आधी करावयाची परीक्षा अगदी सोपी असून तिला पैसा लागत नाही. पेन पाटीवर न टेकवता किंचित वर धरून फिरवावे आणि पडद्यावरील बाणाकडे, म्हणजे कर्सरकडे, पाहावे. कर्सर पेनाबरोबर लगेच फिरत असेल आणि टेकवल्यावर रेघ मात्र मागून येत असेल, तर पाटी, तार आणि ड्रायव्हर यांची बहुधा सुटका झाली. दोष प्रोग्राममध्ये किंवा चित्राच्या आकारात आहे. कर्सरच रेंगाळत असेल तर दोष अलीकडे, म्हणजे तार, ड्रायव्हर किंवा एकंदर संगणक यांच्यापैकी कोठे तरी आहे. दुसरी परीक्षा माऊसची. त्याच चित्रात, त्याच ब्रशाने, माऊस धरून रेघ ओढावी. माऊसची रेघही मागे राहिली तर पेनाला दोष देण्याचे कारण उरत नाही. तिसरी परीक्षा अशी की त्याच प्रोग्राममध्ये एक लहानसे कोरे चित्र उघडून साध्या बारीक ब्रशाने रेघ काढावी. ती चपळ निघाली तर प्रोग्रामही निर्दोष ठरला. मूळ चित्रच जड झाले आहे. या तीन परीक्षांना पाच मिनिटे पुरतात.

ज्यांना अंदाजावर समाधान नाही त्यांनी विलंब मोजावा. पाचवी-सहावीच्या मुलांकडून हे गणित आनंदाने करून घेता येईल. पडद्याच्याच पाटीवर पट्टी ठेवून पेन सेकंदाला २० सेंटिमीटर या वेगाने ओढले आणि रेघ २ सेंटिमीटर मागे राहिली, तर विलंब सेकंदाचा दहावा हिस्सा, म्हणजे १०० मिलिसेकंद झाला. पाटीला पडदा नसेल तर मोबाइल असा धरावा की पेन आणि संगणकाचा पडदा दोन्ही एकाच दृश्यात येतील, व चलच्चित्र घ्यावे. पेन हलण्यापासून कर्सर हलेपर्यंत किती चौकटी गेल्या त्या मोजाव्यात. साधे चित्रण सेकंदाला ३० चौकटींचे असते; एक चौकट म्हणजे ३३ मिलिसेकंद. मोबाइलमध्ये २४० चौकटींचे संथ चित्रण असेल तर एक चौकट सुमारे ४ मिलिसेकंदांची. उपाय करण्यापूर्वी आणि केल्यानंतर असे मोजले की उपाय लागू पडला किंवा कसे हे वादाशिवाय ठरते.

आता कारणांकडे वळू. शाळांमधून सर्वाधिक आढळावे असे कारण म्हणजे चित्राचा वाजवीपेक्षा मोठा आकार. नवे चित्र उघडताना प्रोग्राम लांबी, रुंदी आणि दर इंचातील ठिपके विचारतो, आणि ‘जास्त ते चांगले’ या समजुतीने मोठा आकडा घातला जातो. ए-४ आकाराचा कागद इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपक्यांचा होतो. प्रत्येक ठिपक्याला तीन रंग आणि पारदर्शकता मिळून चार बाइट लागतात. तेव्हा पूर्ण रंगवलेल्या एका लेअरला सुमारे ३५ एमबी स्मृती लागते. हाच कागद ६०० ठिपक्यांचा केला तर लांबी दुप्पट आणि रुंदीही दुप्पट होऊन ठिपके चौपट होतात. एका लेअरला सुमारे १४० एमबी. असे दहा लेअर झाले की हिशेब १४०० एमबीच्या घरात जातो. रंगाची खोली ८ बिटांऐवजी १६ बिट निवडली असेल तर तो पुन्हा दुप्पट होतो. ज्या संगणकात एकूण ४ जीबी रॅम आहे आणि त्यातील मोठा वाटा विंडोज स्वतःकडे ठेवते, तेथे हे सामान मावणार कोठे? मग संगणक काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. ज्या गुरुजींचे टेबल भरून गेले आहे त्यांना प्रत्येक नोंदवहीसाठी दुसऱ्या खोलीतील कपाटापर्यंत खेपा घालाव्या लागतात, तसा हा प्रकार आहे. मध्येच चित्र गोठते ते बहुधा अशा खेपेच्या वेळी.

चित्रकार्ड हातात धरून दाखवावयाचे असेल तर ए-४ला ३०० ठिपके पुष्कळ झाले. कच्चे रेखाटन १५० ठिपक्यांवर करावे. तेथे पूर्ण भरलेला लेअर ९ एमबीहून कमी जागा घेतो. केवळ पडद्यावर दाखवावयाच्या चित्रास तर इंचाचे ठिपके विचारातच घेऊ नयेत. लांबी-रुंदीचे ठिपके पडद्याइतके असले म्हणजे झाले. क्रिटा या मोफत प्रोग्राममध्ये खालच्या पट्टीवर चित्राने किती स्मृती व्यापली आहे हे लिहिलेले असते. काम करताना अधूनमधून तिकडे नजर टाकण्याची सवय लावून घ्यावी. रिकाम्या लेअरला तो प्रोग्राम फारशी जागा देत नाही, म्हणून लेअरांच्या नुसत्या संख्येला भिण्याचे कारण नाही; भरलेले आणि आता न लागणारे लेअर मात्र एकत्र करून टाकावेत. तत्पूर्वी चित्राची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी, कारण एकत्र केलेले लेअर दुसऱ्या दिवशी सुटे करता येत नाहीत. क्रिटाच्या ‘कॉन्फिगर क्रिटा’ या चौकटीत ‘परफॉर्मन्स’ विभागात रॅमचा किती वाटा वापरावा हे ठरवता येते. गिंपमध्ये तीच सोय ‘प्रेफरन्सेस’मधील ‘सिस्टिम रिसोर्सेस’ या भागात आहे. तेथे मागे घेण्याच्या पायऱ्यांची संख्याही कमी करता येते. प्रत्येक मागे घेण्याजोगी कृती संगणकाला लक्षात ठेवावी लागते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. इंकस्केप वापरणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. तेथे ठिपके नसून रेषांची गणिते असतात, आणि धूसर छाया दिलेल्या अनेक आकृत्या झाल्या की पडदा रंगवणे जड जाते. ‘व्ह्यू’ मेनूतील ‘डिस्प्ले मोड’मध्ये केवळ बाह्यरेषा दाखवण्याची सोय आहे, काम होईपर्यंत ती ठेवावी.

यानंतर ब्रश. ५० ठिपके व्यासाच्या गोल ब्रशाच्या एका ठशात सुमारे दोन हजार ठिपके असतात. ५०० व्यासाच्या ठशात सुमारे दोन लाख. आकाश किंवा जमीन भरताना मोठा ब्रश मागे पडतो तो यामुळे. कागदाचा पोत, ओल्या रंगाचे मिश्रण, केसाळ कडा अशी करामत असलेले ब्रश आणखी जड. आकाश भरण्यासाठी ‘फिल’ साधन वापरावे आणि ब्रश कडेच्या कामास ठेवावा. क्रिटामध्ये ‘इन्स्टंट प्रिव्ह्यू’ नावाची सोय आहे. ती चालू असता प्रोग्राम आधी रेघेची हलकी प्रतिमा दाखवतो आणि खरी रेघ मागाहून तयार करतो. मोठ्या चित्रात मोठ्या ब्रशाने काम करताना तिचा उपयोग होतो.

रेघ आरंभापासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने मागे राहत असेल, तर मात्र वेगळाच संशय घ्यावा. हे अंतर बहुतेक वेळा प्रोग्रामने हेतुपुरस्सर ठेवलेले असते. रेघ गुळगुळीत यावी म्हणून पुष्कळ प्रोग्रामांत ‘स्मूदिंग’ किंवा ‘स्टॅबिलायझर’ असते. तो प्रकार समजण्यासाठी श्रुतलेखन आठवावे. एक मूल गुरुजींचा शब्द कानी पडताच लिहिते. त्याचे अक्षर कधी चुकते, पण ते मागे राहत नाही. दुसरे मूल पूर्ण वाक्य ऐकून मगच लेखणी उचलते. त्याचे लेखन स्वच्छ असते, पण ते नेहमी एक वाक्य मागे. स्टॅबिलायझर हे दुसरे मूल आहे. पेनाचे पुढचे काही बिंदू पाहिल्याशिवाय ते रेघ टाकतच नाही. क्रिटामध्ये ब्रशसाधन निवडल्यावर ‘टूल ऑप्शन्स’च्या चौकटीत ‘ब्रश स्मूदिंग’ दिसते. तेथे ‘बेसिक’ किंवा ‘नन’ करून पाहावे. एकाच क्षणात विलंब नाहीसा झाला तर संगणक बदलण्याचा ठराव मागे घ्यावा लागेल. मुलांच्या हाती पेन देताना स्टॅबिलायझर बंदच ठेवणे बरे. सुलेखनाच्या लांब वळणांना तो उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु शिकत्या हाताला स्वतःच्या रेघेची खरी साक्ष मिळणे अधिक महत्त्वाचे.

रेघेचा आरंभच उशिरा होत असेल आणि त्या वेळी पेनाच्या टोकाभोवती एखादे बारीक वर्तुळ उमटून जात असेल, तर ती करणी विंडोजची समजावी. पेन एका जागी दाबून धरले म्हणजे माऊसचे उजवे बटण दाबल्याप्रमाणे वागावे अशी विंडोजची रीत आहे. म्हणून पेन टेकताच ते थोडे थांबून पाहते. कंट्रोल पॅनेलमधील ‘पेन अँड टच’ या ठिकाणी ‘प्रेस अँड होल्ड’ची सोय काढून टाकता येते. ही एक खूण काढली की अक्षरांवरचे अनुस्वार आणि मात्रा पुन्हा जागच्या जागी पडू लागतात. मराठी लिहिणाराला हा दोष चित्रकारापेक्षा अधिक जाचतो, कारण आपल्या लिपीत आखूड रेघा आणि टिंबे फार.

ड्रायव्हरच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. शाळेत आधी एका कंपनीची पाटी होती, पुढे दुसऱ्या कंपनीची आली, आणि दोन्हींचे ड्रायव्हर संगणकात राहिले, असे पुष्कळदा होते. एकाच वर्गात दोन दुभाष्यांनी एकाच वेळी बोलावे तशी अवस्था त्यामुळे होते. जुना ड्रायव्हर काढावा, संगणक बंद करून पुन्हा चालू करावा, आणि मग नव्या पाटीचा ड्रायव्हर त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. पेनाची मापे प्रोग्रामपर्यंत पोहोचवण्याचे विंडोजवर दोन मार्ग आहेत, विनटॅब आणि विंडोज इंक. क्रिटाच्या ‘टॅब्लेट सेटिंग्ज’मध्ये हा मार्ग बदलता येतो, बदल केल्यावर प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा लागतो. कोणत्या पाटीला कोणता मार्ग मानवतो हे करूनच पाहावे. मार्ग बदलल्यावर पेनाच्या दाबाने रेघ जाडबारीक होईनाशी झाली तर पूर्वीची निवड पुन्हा ठेवावी. पाटी बिनतारी असेल तर परीक्षेपुरती तरी तार लावून पाहावी, आणि तार संगणकाच्या स्वतःच्या खाचेत जोडावी. मधला जोडखोका काढून ठेवावा.

आता ग्रामीण शाळांच्या विशेष अडचणी. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि बॅटरी पुरावी म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. सकाळी चांगली चालणारी रेघ दुपारी अडखळते त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘पॉवर मोड’ पाहावा. दुसरी अडचण उष्णतेची. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल महिन्यात, टेबलक्लॉथवर ठेवलेल्या लॅपटॉपचा खालचा वारा बंद होतो, आणि यंत्र तापले म्हणजे ते स्वतःला वाचवण्यासाठी मंद होते. प्रारंभी अर्धा तास काम चांगले आणि मग मंदपणा, अशी तक्रार असेल तर लॅपटॉपखाली दोन पट्ट्या ठेवून हवा खेळती करावी व जाळीतील धूळ काढून घ्यावी.

तिसरी अडचण अशी की शाळेचा संगणक आठवडाभर बंद असतो आणि शनिवारी चित्रकलेच्या तासाला उघडतो. उघडताच त्याला आठवड्याची सारी कामे आठवतात. विंडोज नव्या सुधारणा आणू लागते, विषाणूप्रतिबंधक प्रोग्राम डिस्क तपासू लागतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या म्हणजे ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. तेथे कोणता प्रोग्राम किती वेळ आणि किती स्मृती खातो हे दिसते. डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर टेकलेला असेल तर त्या वेळी पेन हाती घेऊच नये. शुक्रवारी शाळा सुटण्यापूर्वी तासभर संगणक चालू ठेवावा, म्हणजे शनिवारचा तास मुलांना मिळतो. गोलाचा बहुभुज होतो तोही बहुधा अशाच वेळी. संगणक दुसऱ्या कामात गुंतलेला असतो आणि पेनाने दिलेली मधली मापे वाया जातात.

भिंतीवर प्रोजेक्टरने किंवा मोठ्या टीव्हीवर चित्र दाखवत काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. प्रोजेक्टर आणि टीव्ही चित्र दाखवण्यापूर्वी त्याच्यावर स्वतःचे संस्कार करतात. तिरपे पडलेले चित्र चौकोनी करणे हाही एक संस्कारच. बिनतारी पद्धतीने चित्र पाठवले तर विलंब फारच वाढतो. शिक्षकाने हात चालवताना लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहावे, भिंतीकडे पाहू नये. लॅपटॉपवर रेघ बरोबर आणि भिंतीवर मागे असेल तर तारेने जोडणी करावी. टीव्हीमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो लावावा. मुलाला फळ्यासमोर उभे करून भिंतीकडे पाहात पाटीवर काढावयास सांगणे हे तर त्याला मुद्दाम तोतरे करण्यासारखे आहे.

एवढे सर्व करून दोष राहिलाच, तर खर्चाचा विचार करावा. पाटीच्या खोक्यावर दाबाच्या ८१९२ पातळ्या किंवा इंचातील हजारो रेषा अशी जी संख्या छापलेली असते तिचा विलंबाशी संबंध नाही. तेव्हा महागडी पाटी घेऊन रेघ लवकर येणार नाही. रॅम ४ जीबी असेल आणि लॅपटॉपात ती वाढवण्याची सोय असेल, तर प्रथम ती ८ जीबी करावी. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. नव्या संगणकाच्या तुलनेने हा खर्च अगदी थोडा आहे. समितीपुढे मागणी ठेवताना मोजलेला विलंब, केलेले उपाय आणि टास्क मॅनेजरमधील आकडे एका कागदावर मांडावेत. ‘संगणक मंद आहे’ एवढ्या वाक्यावर कोणती समिती पैसे देईल?

ज्या दिवसांत यंत्र मंद होते त्या दिवसांत पाटीवर काढलेल्या चित्रांवरून मुलांच्या ज्या नोंदी झाल्या असतील त्या कायम करू नयेत. दोष दूर झाल्यावर तीच मुले, तोच विषय आणि तोच ब्रश घेऊन चित्र पुन्हा काढून घ्यावे, शेजारी वहीवरचे चित्र ठेवावे, आणि नोंद नव्याने लिहावी.